वीज परत आल्यावर : सिंधुदुर्गचा किनारा आणि आपोआप सुरू होणारी यंत्रे

विजेचा पुरवठा थांबला की तिच्यावर चालणारे यंत्र थांबते आणि त्यासाठी कोणालाही काही ठरवावे लागत नाही. परंतु तोच पुरवठा पूर्ववत झाल्यावर यंत्राने आपणहून कामाला लागावे, की कोणी येऊन कळ दाबेपर्यंत स्वस्थ राहावे, हे मात्र कोणीतरी आधी ठरवून ठेवावे लागते. आजच्या संगणकात हा निर्णय मुख्य फलकावरच्या एका सूक्ष्म नोंदीत साठवलेला असतो आणि बहुतेक वापरणाऱ्यांना अशी नोंद असल्याचेही ठाऊक नसते. तरीही तिच्यामागे मोठा इतिहास आहे, कारण विझलेला दिवा पुन्हा लावण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विजेहून जुना आहे. ज्या प्रदेशात वीज जाणे हा पावसाळ्याचाच एक भाग मानला जातो, तेथे तो अधिक ठळकपणे दिसतो, आणि म्हणून देवगडपासून मालवणमार्गे वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेल्या सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या संदर्भात त्याचा मागोवा घेणे उद्बोधक ठरते.

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या या पट्टीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. येथील गावे वाड्यावाड्यांत विखुरलेली असल्यामुळे प्रत्येक वाडीकडे जाणारी वीजवाहिनी माड, आंबा, काजू, फणस यांच्या बागांतून आणि उतारावरच्या रानांतून न्यावी लागते, आणि वाऱ्याने एखादी झावळ किंवा फांदी तारांवर आली तरी संपूर्ण वाडी अंधारात जाते. किनाऱ्यालगत याला आणखी एक कारण जोडले जाते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण खांबांवरील इन्सुलेटरवर, म्हणजे तारेतील वीज खांबात उतरू नये म्हणून बसवलेल्या चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर, महिनोन्‌महिने साचत राहतात. कोरड्या हवेत हा थर निरुपद्रवी असतो, परंतु मृगाच्या पहिल्या हलक्या सरींनी तो ओला झाला की वीज वाहून नेऊ लागतो, ठिणगी पडते आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणारी मुख्य वाहिनी, ‘ट्रिप’ होते. दोष क्षणिक असेल तर पुरवठा लगेच सुरू व्हावा, यासाठी अनेक वाहिन्यांवर स्वतःहून पुन्हा जोडणारे ब्रेकर बसवलेले असतात. दोष टिकून असल्यास ते वाहिनी पुन्हा तोडतात. यामुळे वीज एकदाच जाऊन एकदाच येत नाही; ती जाते, क्षणभर येते, पुन्हा जाते, आणि या ये-जा करण्यालाच लोकांनी ‘लपंडाव’ हे नाव दिले आहे. मालवणी बोलीत ‘लाईट गेली’ आणि ‘लाईट इली’ ही दोन वाक्ये रोजच्या व्यवहाराची झाली आहेत. त्यांतले दुसरे वाक्य केवळ बातमी देत नाही. ते ऐकून घरातल्या कोणीतरी उठून पंप किंवा गिरणी पुन्हा चालू करावी, अशी सूचनाही त्यात असते.

विजेपूर्वीच्या काळात उजेड पुन्हा निर्माण करणे हे पूर्णतः माणसाच्या हाती होते. घासलेटची चिमणी वाऱ्याने विझली की ती पेटवणारा माणूस जवळ असावाच लागे, आणि रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकांत पेट्रोमॅक्सच्या बत्तीला अधूनमधून पंपाने हवा भरत राहणे हे स्वतंत्र काम असे. समुद्रावर मात्र विझलेल्या दिव्याची किंमत जिवाने मोजावी लागे. म्हणूनच देवगडच्या किल्ल्यावर १९१५ मध्ये उभारलेल्या दीपगृहासारख्या ठिकाणी किंवा वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील दीपगृहात दिवा राखण्यासाठी माणसे नेमणे ही व्यवस्थेची मूळ अट होती. दिव्याची जबाबदारी माणसाकडून यंत्राकडे सोपवण्याचा एक यशस्वी प्रयोग याच क्षेत्रात झाला, हा योगायोग नव्हे. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ डालेन यांनी १९०७ मध्ये ‘सूर्यझडप’ तयार केली. तिच्यातील काळा दांडा दिवसाच्या प्रकाशाने तापून किंचित लांबतो व दिव्याकडे जाणारा वायू रोखतो, आणि संध्याकाळी तो आखडला की वायूची वाट मोकळी होऊन दिवा लागतो. डालेन यांना याच कार्यासाठी १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या खडकावर माणूस कायम राहू शकत नाही तेथेही दिवा वेळेवर लागला पाहिजे, ही त्यामागची गरज होती, आणि आपोआप सुरू होणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या मुळाशी माणसाची अशीच अनुपस्थिती आढळते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली आणि १९६० च्या दशकात कोयना जलविद्युत प्रकल्पाची वीज मिळू लागली. पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या अर्थसाहाय्याने देशभर खेडोपाडी वाहिन्या पसरल्या आणि त्या काळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भागही हळूहळू या जाळ्यात आला. विजेबरोबर विजेवरची मोटार आली आणि तिच्याबरोबर, यंत्राने थांबून राहावे, असे सांगणारे तत्त्व आले. भाताच्या गिरणीची, पिठाच्या चक्कीची किंवा मासळीसाठी बर्फ तयार करणाऱ्या कारखान्याची मोटार ज्या ‘स्टार्टर’ने चालू करतात, त्यात ‘नो-व्होल्ट कॉइल’ नावाचे वेटोळे असते. वीज असेपर्यंत हे वेटोळे चुंबक बनून जोड धरून ठेवते आणि वीज जाताच त्याची पकड सुटते. वीज परतली तरी जोड आपोआप लागत नाही, हिरवी कळ माणसालाच दाबावी लागते. ही व्यवस्था माणसाच्या रक्षणासाठी आहे, कारण वीज गेलेली असताना कोणी पट्टा सरळ करण्यासाठी हात घातला असेल आणि त्याच क्षणी मोटार फिरू लागली तर तो हात वाचत नाही. यंत्राजवळ माणूस असतो, हे गृहीत धरूनच हे तत्त्व घडले आहे.

शेतीपंपाच्या बाबतीत हे गृहीतक मोडले. भारनियमनाच्या, म्हणजे मागणीपेक्षा वीज कमी असल्यामुळे ठरावीक वेळी एकेका भागाचा पुरवठा बंद ठेवण्याच्या काळात, महाराष्ट्रातील शेतकऱ्याला पुष्कळदा रात्री-अपरात्री वीज मिळू लागली, आणि केवळ कळ दाबण्यासाठी अंधारातून विहिरीपर्यंत जाणे जिकिरीचे व सापाकिरड्यांमुळे धोक्याचे होते. त्यातून ‘ऑटो स्विच’ रूढ झाला. वीज येताच हा स्विच पंप चालू करतो आणि शेतकऱ्याची रात्रीची खेप वाचवतो, परंतु एका रोहित्रावरचे, म्हणजे उच्च दाबाची वीज घरगुती दाबावर आणणाऱ्या ‘डीपी’वरचे, सगळे पंप एकाच क्षणी चालू झाले की फार मोठा भार एकदम येतो, कारण विजेची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, परिणामी फ्यूज उडतात, रोहित्र जळते आणि सर्वांचीच वीज जाते. म्हणूनच वीज कंपनीने ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन शेतकऱ्यांना वारंवार केले आहे. एका घरासाठी योग्य असलेली सोय सगळ्यांनी एकाच वेळी वापरली तर सामूहिक व्यवस्थेला पेलवेल का, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहिला आणि संगणकांच्या युगातही तो सुटलेला नाही.

रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, ज्याच्या रचनेवरून पुढच्या बहुतेक संगणकांची घडण ठरली. या संगणकाच्या उजव्या बाजूला एक मोठा लाल खटका होता आणि तो भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखाच विजेचा मार्ग प्रत्यक्ष तोडत किंवा जोडत असे. वीज गेली तरी खटका ‘चालू’ या स्थितीतच राहत असल्यामुळे ती परत येताच संगणक आपोआप सुरू होई; त्यासाठी कोणतीही मांडणी करावी लागत नसे आणि अशी मांडणी करता येते याची कल्पनाही करण्याचे कारण नव्हते. अर्थात, वीज आली आणि प्रक्रियक, म्हणजे संगणकाचे गणन करणारा मुख्य भाग, लगेच कामाला लागला असे होत नाही. आतला वीजपुरवठा संच वेगवेगळे दाब स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मग ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो; तोपर्यंत प्रक्रियकाला रोखून धरलेले असते. त्यानंतर तो एका ठरलेल्या पत्त्यावरून बायोस, म्हणजे फलकावरील चिपमध्ये कायम कोरलेली प्रारंभिक आज्ञावली, वाचतो, स्मृती व जोडलेली साधने तपासतो आणि शेवटी डिस्कवरील कार्यप्रणाली चढवतो. याच संचातील धारित्रांमध्ये, म्हणजे कपॅसिटरमध्ये, थोडी वीज साठलेली असल्यामुळे पुरवठा काही मिलिसेकंद तुटला तरी संगणक तग धरतो. परंतु भारतातील ५० हर्ट्झ पुरवठ्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि पूर्ण भारावर साठ्याची ताकद साधारण तेवढीच पुरते. किनाऱ्यावरच्या लपंडावात पुरवठा याहून बराच अधिक वेळ तुटतो, त्यामुळे दिवा नुसता मिचकल्यासारखा वाटला तरी संगणक बंद पडलेला असतो.

जिल्ह्यात संगणक आले ते मुख्यतः कार्यालयांच्या वाटेने. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशातील जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचू लागले. बँकांच्या यांत्रिकीकरणाला रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालाने दिशा दिली होती. आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावांतील प्रशिक्षण वर्गांपर्यंत आला. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती, ती म्हणजे कार्यालय उघडणारा माणूसच संगणक सुरू करी आणि कार्यालय बंद करणाराच तो बंद करी. मे महिन्यातील वळिवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाच्या वेळी आकाशात विजा चमकू लागल्या की प्लग उपसून ठेवण्याची रीतही घराघरांतून कार्यालयांत आली. अशा व्यवहारात, वीज आल्यावर संगणकाने आपोआप सुरू होणे हे कोणाला फारसे हवेही नव्हते, कारण रात्री वीज आली तर रिकाम्या खोलीत यंत्र विनाकारण चालू राही आणि पुढच्या लपंडावात त्याला धक्का बसण्याची शक्यता वाढे.

संगणकाच्या रचनेत खरा बदल घडला तो १९९५ मध्ये, इंटेल कंपनीने मांडलेल्या एटीएक्स या नव्या मानकामुळे. या रचनेत पुढची कळ विजेचा मार्ग तोडत नाही. ती मुख्य फलकाला केवळ संकेत देते. भिंतीतून वीज येत असेपर्यंत संच पाच व्होल्टचा एक लहानसा पुरवठा अखंड चालू ठेवतो, त्यावर फलकाचा थोडासा भाग जागा राहतो, आणि कळ दाबल्याचा संकेत मिळाला की हा भाग संचाला मोठे पुरवठे सुरू करण्याची आज्ञा देतो. म्हणजे वरवर बंद दिसणारा संगणक आता खऱ्या अर्थाने बंद नसतो. पुढे १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी जाहीर केलेल्या एसीपीआय या प्रमाणकाने या स्थितींना वेगळी नावे दिली : कळेने बंद केलेल्या पण किंचित जाग्या संगणकाची स्थिती ‘एस ५’, तर प्लग काढल्यावर किंवा वीज गेल्यावर येणारी पूर्ण अंधाराची स्थिती ‘जी ३’. या प्रगतीची एक किंमत होती. जुना खटका यांत्रिक असल्यामुळे वीज गेली तरी आपली स्थिती जपत असे. नवी कळ मात्र दाबून सोडली की पूर्ववत होते आणि तिच्यात कसलीही आठवण राहत नाही. म्हणून वीज परतल्यावर काय करायचे, हे आता स्वतंत्रपणे लिहून ठेवणे भाग पडले.

ही सूचना बायोसमध्ये, आणि अलीकडच्या संगणकांत यूईएफआय या तिच्या उत्तराधिकारी व्यवस्थेत, मांडता येते, आणि निरनिराळे उत्पादक ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’ अशा नावांनी ती देतात. तिचे पर्याय साधारणपणे तीन असतात. ‘पॉवर ऑफ’ म्हणजे वीज आली तरी कळ दाबेपर्यंत थांबणे. ही गिरणीच्या स्टार्टरची रीत होय. ‘पॉवर ऑन’ म्हणजे वीज येताच सुरू होणे, मग आधी तो मुद्दाम बंद केलेला असला तरीही. ही शेतीपंपाच्या ऑटो स्विचची रीत होय. ‘लास्ट स्टेट’ म्हणजे वीज जाताना जी स्थिती होती तीच पुन्हा आणणे, आणि ही जुन्या लाल खटक्याची रीत होय, फरक इतकाच की खटका जे आपल्या धातूच्या स्थितीतून लक्षात ठेवत असे ते आता नोंदीतून लक्षात ठेवावे लागते. अनेक संगणक कारखान्यातून पहिल्या पर्यायावर येतात, कारण घरातील वापरणाऱ्याला अनपेक्षितपणे जागा होणारा संगणक नको असतो. दुकानातील नोंदयंत्र, कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारा संगणक किंवा दूरच्या कार्यालयातील सर्व्हर यांच्यासाठी मात्र दुसरा किंवा तिसरा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो.

ज्या नोंदीवर हे सारे अवलंबून असते ती पुष्कळ संगणकांत एका लहानशा सेलच्या, म्हणजे नाण्याएवढ्या विद्युतघटाच्या, आधारावर टिकते. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकापासून मुख्य फलकावर स्वतंत्र घड्याळ आणि मांडणीची छोटी स्मृती बसवण्याची पद्धत सुरू झाली. हे घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालते आणि संगणक पूर्ण बंद असताना त्याला सेल जागे ठेवतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीआर २०३२ या सेलच्या नावातच त्याचे माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. प्लग लावलेला असेपर्यंत या सेलवर जवळजवळ भार नसतो. परंतु पावसाळ्यात प्लग काढून ठेवण्याची किनाऱ्यावरची रास्त सवय त्याला महिनोन्‌महिने एकट्याने काम करायला लावते. सेल उतरला की घड्याळ मागे जाते, अनेक फलकांवर मांडणी कारखान्यातील मूळ स्थितीवर येते, आणि ‘वीज येताच सुरू हो’ ही सूचनाही पुसली जाते. मग ज्या वादळी रात्री तिची गरज असते त्याच रात्री संगणक निमूट बंद राहतो आणि बिघाड कोठे झाला हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सूचना टिकली तरी संगणकाला आणखी उंबरठे ओलांडावे लागतात. जुने बायोस कीबोर्ड सापडला नाही किंवा घड्याळ चुकलेले दिसले तर ‘एफ १’ कळ दाबण्याची विनंती करून थांबून राहत, आणि माणूस नसलेल्या खोलीत ही विनंती कोणीच पुरी करू शकत नसे. म्हणून ‘हॉल्ट ऑन’ या मांडणीत अशा किरकोळ दोषांसाठी न थांबण्याचा पर्याय निवडावा लागे. त्याहून गंभीर उंबरठा डिस्कचा होता. लिहिण्याच्या मधोमध वीज गेली तर धारिकांची, म्हणजे फाइलींची, सूची आणि प्रत्यक्ष मजकूर यांचा मेळ तुटतो, आणि जुन्या प्रणाली पुन्हा सुरू होताना संपूर्ण डिस्क तपासत, कधी वाटेतच थांबून माणसाची परवानगी मागत. यावरचा उपाय मराठी व्यापाऱ्यांना शतकानुशतके परिचित असलेल्या हिशेबपद्धतीसारखा आहे. ज्याप्रमाणे प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत क्रमाने लिहून मगच खतावणीत आपापल्या खात्यावर चढवला जातो आणि खतावणी अर्धवट राहिली तर रोजकीर्दीवरून ती पूर्ण करता येते, त्याप्रमाणे नव्या प्रणाली कोणता बदल करायचा हे आधी एका नोंदवहीत लिहितात आणि मग तो करतात. वीज मध्येच गेली तर पुढच्या प्रारंभी ती छोटी वही वाचून काही क्षणांत मेळ घालतात. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस आणि लिनक्समध्ये २००१ मध्ये दाखल झालेली ईएक्सटी ३ या अशा धारिका-व्यवस्था आहेत. त्यांच्यामुळे वीज आल्यावर संगणक केवळ सुरू होण्याऐवजी कामाला लागण्याच्या अवस्थेपर्यंत एकट्याने पोहोचू लागला.

यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीतून काही काळ पुरवठा देणारे साधन, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आहे असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते वेळ मिळवून देते, आणि दीर्घ खंडितावस्थेत नवाच पेच निर्माण करते. बॅटरी संपत आली की यूपीएस संगणकाला तसे कळवते आणि संगणक व्यवस्थित बंद होतो. आता समजा, संगणक बंद झाला आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत आली. संगणकाच्या दृष्टीने पुरवठा कधी तुटलाच नाही, तो ‘जी ३’ स्थितीत गेलाच नाही, आणि म्हणून ‘वीज परतल्यावर सुरू हो’ ही सूचना लागू होण्याचा प्रसंगच आला नाही. घरात उजेड असूनही संगणक बंदच राहतो. हा पेच सोडवण्यासाठी, संगणक बंद झाल्यावर यूपीएसने आपला पुरवठा मुद्दाम तोडावा आणि बाहेरची वीज आलेली असली तरी थोडा वेळ थांबूनच तो पुन्हा जोडावा, अशी व्यवस्था करावी लागते. प्रारंभ घडण्यासाठी पूर्ण अंधाराचा एक क्षण आवश्यक असतो, हे या साध्या उपकरणाने तंत्रज्ञांना शिकवले.

दूरध्वनीच्या व्यवस्थेने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले होते. दूरध्वनी केंद्रात ४८ व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्यांची रांग आणि बहुधा डिझेल जनित्र असे, आणि तारेवरच्या फोनला लागणारी अल्प वीज केंद्राकडूनच तारेतून येई. म्हणून गाव अंधारात असतानाही फोन चालू राही आणि त्याला पुन्हा सुरू करण्याचा प्रसंगच येत नसे. इंटरनेटच्या काळात ही जबाबदारी केंद्राकडून घराकडे सरकली. राउटर आणि प्रकाशीय तंतूचा मोडेम यांना घरातील वीज लागते. त्यांना प्रारंभाची वेगळी कळ बहुधा नसते किंवा असली तरी ती यांत्रिक खटक्याची असते, त्यामुळे ते वीज येताच आपोआप सुरू होतात. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाचीही तीच रीत आहे आणि त्यामुळे हवामानाच्या नोंदी किंवा पंपाचे नियंत्रण अशा एकाकी कामांसाठी तो लोकप्रिय झाला. जाळ्यातून दूरवरचा संगणक उठवण्याची ‘वेक ऑन लॅन’ ही पद्धतही १९९० च्या दशकात आली. तीत सहा विशिष्ट बाइटनंतर त्या संगणकाच्या जाळेपट्टीचा, म्हणजे नेटवर्क कार्डचा, पत्ता सोळा वेळा लिहिलेला संदेश पाठवला जातो. मात्र अनेक संगणकांत ही जाळेपट्टी वीज पूर्ण जाऊन आल्यावर हा संदेश ऐकण्याच्या स्थितीत राहत नाही, त्यामुळे हा दूरचा हात आपोआप प्रारंभाची जागा घेऊ शकत नाही.

सिंधुदुर्गात या तांत्रिक प्रश्नाला सामाजिक धार येते ती येथील बंद घरांमुळे. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्यांची कित्येक घरे गणेशचतुर्थी, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलपात असतात. अशा घरांत आता कॅमेरे आणि त्यांची चित्रे साठवणारी यंत्रे बसवली जातात आणि मालक मुंबईतून मोबाईलवर आपले अंगण पाहतो. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या या किनाऱ्यावर तारकर्ली, मालवण, देवबाग येथील निवासगृहे नोंदणीसाठी संगणकावर अवलंबून आहेत. ग्रामपंचायतींत दाखले संगणकावरून मिळतात आणि सातबारा उताराही. कोकणात प्रत्येक गावाला आणि जागेला अदृश्य राखणदार असल्याची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेचा गाभा असा की मालक दूर असला तरी जागा बेवारस नसते. बंद घरातील यंत्राकडून माणसाची अपेक्षा नेमकी हीच असते, आणि लपंडावाच्या पहिल्याच रात्री ते बंद पडून तसेच राहिले तर ती अपेक्षा फोल ठरते.

या अपेक्षेची कसोटी मे २०२१ मध्ये लागली. तौक्ते हे चक्रीवादळ १६ मे रोजी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि दुसऱ्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याने झाडे मोठ्या प्रमाणावर उन्मळून खांब आणि तारांवर पडली, आणि अनेक गावांत वीज कित्येक दिवस आली नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ होता, त्यामुळे रुग्णालयांचा पुरवठा आधी जोडणे अत्यावश्यक होते. ‘जनमित्र’ या नावाने ओळखले जाणारे महावितरणचे, म्हणजे राज्याच्या वीज वितरण कंपनीचे, वायरमन भर पावसात खांबांवर चढून, एकेक वाहिनी तपासून वीज परत आणत होते. अशा दीर्घ खंडात बॅटरीवरची सारी व्यवस्था संपते, यूपीएस मालवतात, सेल एकटे पडतात. आणि पुरवठा जेव्हा येतो तेव्हा तो पहिल्या काही तासांत अस्थिर असतो, कारण प्रत्येक जोडणीबरोबर नवा दोष उघडा पडतो. यंत्र आपोआप सुरू होणे आणि योग्य वेळी सुरू होणे यांत किती अंतर आहे, हे अशाच तासांत समजते.

हे अंतर भरून काढण्याचा उपाय थांबण्यात आहे, आणि तो निरनिराळ्या यंत्रांत स्वतंत्रपणे सापडलेला दिसतो. शीतकपाटाला जोडलेल्या अनेक स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर काही मिनिटे थांबण्याची सोय असते, कारण संपीडकातील वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा होण्याआधी तो सुरू केला तर मोटारीवर ताण येतो. छपरावरच्या सौर पॅनेलचा, वीजवाहिनीशी जोडलेला इन्व्हर्टर वाहिनी बंद पडताच स्वतःही बंद होतो, कारण बंद समजल्या जाणाऱ्या तारेत घराकडून वीज गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. आणि वाहिनी परतल्यावरही ती काही काळ स्थिर राहिली याची खात्री करूनच तो जोडला जातो. संगणकाच्या बाबतीतही हेच करता येते. यूपीएसला ठरावीक विलंबानंतर, किंवा बॅटरी थोडी भरल्यावरच पुरवठा देण्याची सूचना देता येते, आणि एका कार्यालयातील यंत्रे एकदम न उठवता एकामागून एक उठवता येतात, म्हणजे जनमित्राने नुकतीच जोडलेली वाहिनी सगळ्यांच्या एकदम आलेल्या भाराने पुन्हा पडत नाही. गिरणीच्या स्टार्टरने माणसाच्या हाताची काळजी घेतली, ऑटो स्विचने माणसाच्या अनुपस्थितीची घेतली. थांबून मग सुरू होणारे यंत्र या दोन्ही काळज्या एकत्र वाहते.

म्हणून वीज परतल्यावर संगणकाने काय करावे, या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांसाठी असू शकत नाही. जेथे रोज सकाळी कोणी दार उघडतो तेथे संगणकाने थांबून राहणेच श्रेयस्कर असते. जेथे कोणी नसते तेथे त्याने उठले पाहिजे, पण वीज स्थिर झाल्यावर. दीपगृहाच्या रक्षकापासून सूर्यझडपेपर्यंत आणि लाल खटक्यापासून तीन पर्यायांच्या नोंदीपर्यंतचा सारा प्रवास माणसाचे जागरण यंत्राकडे सोपवण्याचा आहे, आणि सोपवलेल्या कामाची खातरजमा करण्याचे कर्तव्य माणसाकडेच उरते. किनाऱ्यावरच्या घरांत मृग लागण्याआधी आगोटीची तयारी होते : छपराचे नळे परतले जातात, लाकूडफाटा आत घेतला जातो, सुकी मासळी आणि सांडगे-पापड डब्यांत भरले जातात. त्याच यादीत फलकावरचा नाण्याएवढा सेल बदलणे आणि एकदा मुख्य खटका पाडून, थोडे थांबून, पुन्हा चढवून संगणक स्वतः उठतो का हे पाहणे, ही दोन कामे आता जोडली गेली पाहिजेत.